भाडेकरूच्या मागे स्पेनला

भाडेकरूवर तिळमात्र विश्वास न ठेवणारे घरमालक पुणे जिल्ह्यात गल्लोगल्ली सापडतील; पण भाडेकरू वर्षभरासाठी स्पेनला चालला म्हटल्यावर त्याच्या मागोमाग पासपोर्ट काढून, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, स्पॅनिशचा विद्यार्थी म्हणून नाव घालणारा घरमालक या भूतलावर एकच होऊन गेला असेल. तो माझ्या वाट्याला आला. मी मूळचा परभणीचा. हिंजवडीतल्या एका कंपनीत दिवसभर फोन कानाला लावून लोकांना 'कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करा' असं सांगायचं, हे माझं काम. राहायला माणमध्ये खोली. त्या काळात माणमधली शेतं संपत आली होती आणि त्यांच्या जागी खोल्या उगवत होत्या. आमच्या मालकांच्या चार एकर भातखाचरावर एका कंपनीची गाड्या लावायची जागा झाली होती आणि राहत्या घराच्या जागी तीन मजली इमारत. तिच्यात बारा खोल्या. प्रत्येक खोलीला वेगळा रंग, कारण रंगाऱ्याकडे जो उरला असेल तो मालकांनी लावून घेतला होता. माझी खोली डाळिंबी होती. ट्यूबलाइट लावली की मला माझेच हात रक्ताळल्यासारखे दिसायचे.

मालकांचा मुक्काम जिन्याच्या पायथ्याशी, प्लॅस्टिकच्या खुर्चीत. पहाटे पाचला ते तिथे येऊन बसत आणि वर जाणाऱ्या-खाली येणाऱ्या प्रत्येकाची झडती घेत. "पिशवीत काय हाय?" "काल तुज्याकडं कोन आल्तं?" "दोन जनांच्या खोलीम्होरं चपलांचे पाच जोड कसं काय?" आमच्यातला एक जण पावसाळ्यात गावठी कुत्र्याचं पिल्लू शर्टात लपवून वर घेऊन चालला होता, तर मालकांनी त्याला फक्त एवढंच विचारलं, "पोट का हालतंय तुजं?" माझे वडील पहिल्यांदा परभणीहून आले तेव्हा तर जिन्यातच अडवले गेले.

"कोन तुमी?"

"मी त्याचा बाप."

"कशावरनं?"

वडील निवृत्त मुख्याध्यापक. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना असा प्रश्न विचारला गेला होता. मी धावत खाली येऊन ओळख पटवली, तेव्हा मालकांनी दोघांचे चेहरे बाजूबाजूला ठेवून नीट पाहिले, "नाक जुळतंय" म्हणाले आणि मग त्याच वडिलांना घरात नेऊन असा पाहुणचार केला की ते दोन दिवसांसाठी आलेले आठवडाभर राहिले. मालकांचं सगळं असंच होतं. आधी संशय, मग जेवण.

इमारतीच्या गच्चीवर मात्र ते कधी जात नसत. टाकी धुवायची असली की आम्हाला पाठवत. गच्चीवरून त्यांचं रान दिसायचं, म्हणजे आता रांगेत लावलेल्या पांढऱ्या गाड्या दिसायच्या. हे कारण मला फार उशिरा कळलं. तोवर मी ते आळशी आहेत असंच समजत होतो.

झालं असं, की आमच्या कंपनीला दक्षिण अमेरिकेतली गिऱ्हाइकं मिळाली आणि ज्याला स्पॅनिश येईल त्याला वरची जागा देऊ, असं साहेबांनी जाहीर केलं. मी बिनपगारी रजा काढली, ग्रानादा नावाच्या शहरातल्या एका भाषाशाळेत नाव घातलं आणि खोली सोडतोय हे सांगायला खुर्चीपुढे जाऊन उभा राहिलो.

"का रं? पान्याचं म्हन्तोस व्हय? टाकी बदलतोय की मी."

"पाण्याचं नाही, मालक. स्पेनला चाललोय. वर्षभर. स्पॅनिश शिकायला."

"आन् तितं ऱ्हानार कुटं?"

"बघीन एखादी खोली भाड्याने."

"दुसऱ्याच्या घरात?" मालकांचा चेहरा असा झाला, की जणू त्यांच्या पाठीमागे मी दुसरा घरोबा केला होता. रात्रभर त्यांनी काय विचार केला कोण जाणे. सकाळी मी कामाला निघालो तर खुर्चीतून आवाज आला, "परभनी, मीबी येतो." ते भाडेकरूंना त्यांच्या गावाच्या नावानेच हाक मारत.

मला वाटलं मालकीणबाई तरी अडवतील. त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, न्या ह्यास्नी. रान गेल्यापास्नं ह्यो मानूस घरात मावंना झालाय. माज्या डब्यांची झाकनं मोजतोय. दोन्ही पोरं पुन्यास्नं हिकडं यायला मागंनात. कायतरी शिकू द्या, कुटंतरी जाऊ द्या." त्या हसत नव्हत्या. मग मला नाही म्हणता येईना. मुंबईला व्हिसासाठी माझी मुलाखत पाऊण तास चालली. मालकांची चार मिनिटं. या वयात स्पॅनिश कशासाठी, असं विचारल्यावर त्यांनी दुभाष्यामार्फत सांगितलं होतं, "मला येळ हाय."

ग्रानादाला उतरलो तेव्हा मालकांच्या सामानात दहा किलो आंबेमोहोर तांदूळ, काळ्या तिखटाची बरणी आणि हातातल्या पिशवीत एक निळं प्लॅस्टिकचं टमरेल होतं. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने ते टमरेल उजेडात धरलं, आत बघितलं, वास घेतला आणि प्रश्नार्थक चेहऱ्याने मालकांकडे पाहिलं. मालकांना तेव्हा एकही स्पॅनिश शब्द येत नव्हता. ते गंभीरपणे म्हणाले, "पर्सनल." अधिकाऱ्याने ते दोन्ही हातांनी परत केलं.

शाळेत आमच्या वर्गात आठ जण. दोन जर्मन पोरी, एक जपानी मुलगा, बाकीचे असेच विशी-बाविशीतले, आणि पांढरा सदरा, लेंगा, वरून माझं जुनं जर्किन घातलेले आमचे मालक. पहिल्या दिवशी शिक्षिका बेआत्रिसबाई वर्गात आल्या आणि मालक ताडकन उठून उभे राहिले. नाव पुकारल्यावर "हजर, बाई!" तिथली पद्धत म्हणजे भेटल्यावर दोन्ही गालांना गाल लावायचे. बेआत्रिसबाई पुढे झाल्या तसे मालक मागे मागे सरत थेट फळ्याला टेकले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, ऱ्हाऊ द्या. मला पोचलं." सदऱ्याच्या पाठीवर अख्खी वर्णमाला उमटली होती. ती घेऊन ते दिवसभर ग्रानादाभर फिरले.

पण वर्गात त्यांचा खरा दरारा निर्माण झाला तो 'र'मुळे. स्पॅनिशमध्ये एक लांब थरथरता 'र्र' असतो, तो जर्मन पोरींच्या घशात अडकायचा आणि जपानी मुलाच्या ओठांवर येऊन विरघळायचा. मीही त्यात कच्चाच. मालकांनी मात्र पहिल्या फटक्यात 'पेर्रो' म्हणजे कुत्रा हा शब्द असा म्हटला, की खिडकीबाहेरचं खरोखरचं कुत्रं थांबलं. बाईंनी विचारलं, हे तुम्ही कुठे शिकलात? मालक म्हणाले, "बैल वळवायचाय आसं समजायचं," आणि त्यांनी प्रात्यक्षिक दिलं. पुढचा आठवडा रोज तासाच्या सुरुवातीला देशोदेशीची पोरं उभी राहून "हुर्रर्र, हाऽऽ" असं ओरडत होती. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले, थोडा वेळ ऐकलं आणि निघून गेले.

शब्द लक्षात ठेवण्याची त्यांची स्वतःची रीत होती. एका शंभरपानी वहीत त्यांनी डावीकडे मराठी शब्द आणि उजवीकडे त्याचा 'हितला अर्थ' असं लिहायला घेतलं होतं. कसा म्हणजे घर. काम म्हणजे खाट. होला म्हणजे नमस्कार. नाद म्हणजे काहीच नाही. "बग की परभनी," ते मला कौतुकाने सांगत, "ह्यांच्यात कामाला चाललो म्हंजी झोपाया चाललो. लई भारी लोकं." फक्त एका गोष्टीत बाईंनी हात टेकले. मालक भूतकाळ शिकायला तयार नव्हते. 'तुम्ही पूर्वी काय करत होता?' या प्रश्नाला त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "मी शेतकरी आहे. माझ्याकडे जमीन आहे." बाई लाल शाईने 'आहे' खोडून 'होती' लिहीत, 'तेनीआ'. मालक दुसऱ्या दिवशी पुन्हा 'तेंगो', आहे, लिहून आणत. एकदा बाईंनी फारच लावून धरलं तेव्हा बाहेर आल्यावर मला म्हणाले, "तिला सांग, क्रियापदाचं तुमी बगा, जमिनीचं मी बगतो."

आम्ही राहत होतो ते घर सत्तरीच्या एका विधवा बाईंचं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. त्या एवढ्याशा, पण आवाज असा की खालच्या चौकातली कबुतरं उडत. मालक त्यांना 'सेनोराबाई' म्हणायचे. आयुष्यात पहिल्यांदाच ते भाडेकरू झाले होते, आणि सेनोराबाई घरमालकीण म्हणून त्यांच्या कितीतरी पुढे होत्या. आंघोळीला गरम पाणी चार मिनिटं. पाचव्या मिनिटाला दारावर काठी. दिवे त्या स्वतः फिरून बंद करायच्या, खोलीत कुणी वाचत बसलेलं असलं तरी. वर्गातला जपानी मुलगा एकदा अभ्यासाला आला, तर त्याला दारातच चार प्रश्न विचारून त्याचे बूट उलटे करून बघितले. मालक संतापून खोलीत आले. "काय बाई हाय का कोन! मानसाला आपल्याच घरात चोरावानी वागिवती!"

मी नुसता त्यांच्याकडे बघत राहिलो.

"काय बगतोस? आपलं येगळं हुतं."

सोमवारचा तर त्या घरात इतिहास झाला. मालक सोमवारी मांसाहार करत नसत. हे त्यांनी सेनोराबाईंना "लूनेस, कार्ने नो" एवढ्या शब्दांत सांगितलं, म्हणजे सोमवारी मटण नाही. बाईंनी सोमवारी डुकराच्या मांडीचे पातळ काप वाढले; त्यांच्या मते ते मटणात धरत नाहीत. पुढच्या सोमवारी कोंबडी. कोंबडीही धरत नाहीत. तिसऱ्या सोमवारी मालक नुसता भात खाऊन उठले, तेव्हा बाईंना वाटलं या माणसाला सोमवारी सोमवारी उलटणारा काहीतरी विकार आहे. त्या औषधांच्या दुकानातून चूर्ण घेऊन आल्या. मालकांनी ते मुकाट्याने घेतलं, कारण नाही कसं म्हणायचं हे त्यांना येत नव्हतं. पुढे केव्हातरी बाईंनीच सोमवारचं मांस बंद केलं आणि शेजारणींना सांगू लागल्या, की पोटाला फार बरं असतं.

डिसेंबरात त्यांनी आम्हाला त्यांच्या गावी नेलं. ग्रानादापासून बसने तासभर. उतारावर शंभरेक ऑलिव्हची झाडं, नवऱ्याच्या आजोबांनी लावलेली. फळं उतरवायची होती. माद्रिदहून त्यांचा भाचा आला होता. झाडाखाली जाळी अंथरायची आणि लांब काठ्यांनी फांद्या झोडपायच्या. मालकांनी काठी हातात घेतली, तिचा तोल पाहिला, माझं जर्किन काढून माझ्याच अंगावर फेकलं आणि झाडाखाली शिरले. त्यानंतर सूर्य माथ्यावर येईपर्यंत ते थांबले नाहीत. भाचा दोनदा बसला. मालक त्याच्याशी मराठीत बोलत होते, तो त्यांच्याशी स्पॅनिशमध्ये, आणि दोघांचं उत्तम चाललं होतं. वर्गात पहिला नंबर माझा, पण मला मात्र खाली पडलेली फळं वेचायला बसवलं होतं. मधेच मालकांनी एक ढेकूळ उचललं, बोटांनी फोडलं, नाकाशी नेलं. "चुनखडी हाय," ते स्वतःशीच म्हणाले. पाच वर्षांत मी त्यांना इतकं खुशीत बघितलं नव्हतं.

दुपारी झाडाखाली जेवायला बसलो. पाव, चीज, संत्री. भाचा बोलता बोलता म्हणाला, की मावशीचा हा शेवटचा हंगाम. एक कंपनी इथे गोदाम बांधणार आहे, वसंतात कागद होतील. सेनोराबाई मान डोलावत संत्रं सोलत होत्या. मी मालकांना भाषांतर करून सांगायला वळलो तर त्यांना आधीच कळलं होतं. त्यांनी हातातला पाव खाली ठेवला.

"यो तेनीआ तिएर्रा," ते म्हणाले. माझ्याकडे जमीन होती.

मी दचकून वर बघितलं. बेआत्रिसबाईंनी चार महिने लाल शाईने लिहून दिलेलं ते क्रियापद त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होतो. पुढे ते अडखळत, एकेक शब्द शोधत बोलत राहिले. चार एकर. भात. कडेला ओढा. आता तिथे गाड्या. मी पाचला उठतो. बैल नाही. जायला जागा नाही. मग खुर्ची. दिवसभर खुर्ची. व्याकरणात जागोजागी भोकं होती आणि भाचाही हलायचं विसरला होता.

सेनोराबाईंनी त्यांना काहीतरी विचारलं. तो शब्द मालकांना माहीत नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पस्तावा होतो का, असं विचारतायत," मी म्हणालो.

मालकांनी थोडा विचार केला. "सांग तिला, रोज न्हाई हुत. आवनीच्या दिसांत हुतो."

आवणी म्हणजे भाताची रोपं लावणं, हे स्पॅनिशमध्ये सांगायला मला बराच वेळ लागला. सेनोराबाईंनी सोललेलं अर्धं संत्रं त्यांच्या हातावर ठेवलं. नंतर संध्याकाळपर्यंत सगळे पुन्हा झाडं झोडपत होते.

एप्रिलमध्ये सेनोराबाईंनी गोदामाच्या कागदांवर सही केली. मालकांना हे कळलं तेव्हा त्यांनी बाईंशी बोलणं टाकलं. दोन दिवस जेवणाच्या टेबलावर माझ्यामार्फत मीठ मागत होते. तिसऱ्या दिवशी बाजाराच्या पिशव्या घेऊन दोघं बरोबरच जिना चढत होते, मी मागे. दुसऱ्या मजल्यावर सेनोराबाई थांबल्या, गुडघ्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि न विचारता म्हणाल्या, की भाचा तीन दिवस काठी मारतो आणि तीन महिने पाठ दुखतेय म्हणून फोन करतो. उरलेलं वर्ष त्या झाडांकडे कोण बघणार? मालकांनी त्यांच्या हातातल्या पिशव्या घेतल्या. संध्याकाळी आम्ही चौकातल्या बाकावर बसलो होतो. ते म्हणाले, "बाईचं बराबर हाय, परभनी. तिला करनारं कोनच न्हाई. माजं तसं न्हवतं. मला दोन हात हुतं की रं."

वर्षाअखेरीच्या परीक्षेत मी सगळ्यात पास झालो. मालकांना तोंडी परीक्षेत वर्गात सर्वांत जास्त गुण पडले आणि लेखीत ते सणसणीत नापास झाले, कारण स्पॅनिश उच्चाराप्रमाणेच लिहितात हे बेआत्रिसबाईंचं म्हणणं त्यांनी मनावर घेऊन निम्मा पेपर देवनागरीत लिहिला होता. निघायच्या दिवशी सेनोराबाईंनी खोली तपासली. पलंगामागच्या भिंतीवर मालकांचा हळदीचा पंजा उमटला होता. त्या डागाकडे बोट दाखवून त्या ओरडत राहिल्या, ओरडता ओरडता त्यांचा आवाज चिरकला आणि त्या रडायला लागल्या. "अवो, रंग देतो की मी," मालक घाबरून मराठीत म्हणाले. आणि दिला. बसची वेळ टळत आलेली, मी खाली बॅगा धरून उभा, आणि हे वर बनियनवर भिंत रंगवतायत. बस आम्हाला धावत पकडावी लागली. मालकांच्या कानाला विमानतळापर्यंत पांढरा रंग होता.

परत आल्यावर मला वरची जागा मिळाली आणि माझी डाळिंबी खोलीही. जिन्याखालची खुर्ची मात्र रिकामी राहायला लागली. मालकीणबाईंच्या भावाची ताम्हिणीकडे थोडी भातजमीन होती, तो स्वतः मुंबईला असल्यामुळे ती पडून होती. मालकांनी ती करायला घेतली. पहाटे मोटारसायकलवरून जे निघत ते दिवेलागणीला चिखलाने माखून परत येत आणि आमच्याकडे न बघताच जेवायला घरात शिरत. सुरुवातीला आम्हा भाडेकरूंना हायसं वाटलं. महिन्याभराने चैन पडेना. कोण आलं, कोण गेलं, पिशवीत काय आहे, कुणी विचारणारंच उरलं नव्हतं. सेनोराबाईंचा फोन वर्षातून दोनतीनदा यायचा. त्या तिकडून ओरडत, हे इकडून ओरडत, मधे फोनची गरजच नव्हती. दोघंही एकमेकांना हवामान सांगत.

असं चार-पाच वर्षं चाललं. मग एका जुलैत भाच्याचा ईमेल मला आला. सेनोराबाई गेल्या होत्या. मालक आवणीसाठी ताम्हिणीलाच मुक्कामाला होते. फोनवर सांगणं मला जमेना, म्हणून रविवारी मी तिकडे गेलो. पाऊस असा कोसळत होता की समोरचा डोंगर मधूनमधून नाहीसाच व्हायचा. खाचरात पाच-सहा बाया ओळीने आवणी करत होत्या आणि त्यांच्या शेवटाला, घोटाभर चिखलात, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद बांधून मालक. मी बांधावरूनच हाक मारली. ते सरळ झाले. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना काहीतरी अंदाज आला असावा, कारण त्यांनी नेहमीसारखं "काय रं, सुट्टी का?" असं विचारलं नाही.

मी सांगितलं. छत्रीवरच्या पावसाच्या आवाजात मला ते दोनदा सांगावं लागलं.

हातातली रोपं तशीच धरून ते उभे राहिले. बायांची ओळ त्यांच्यापासून दोन हात पुढे गेली.

"येकलीच हुती का?" त्यांनी विचारलं.

"नाही. भाचा होता जवळ."

"मग बरं," ते म्हणाले आणि पुन्हा वाकले. बायांना गाठायचं म्हणून घाईघाईने रोपं लावत गेले. ओळ थोडी वाकडी आली, ती उपटून परत लावली. मी बांधावर तसाच उभा होतो. परत जावं की थांबावं ते कळेना. शेवटी छत्री मिटून बांधावर ठेवली, बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. मालकांनी मान वर करून पाहिलं आणि रोपांची एक जुडी माझ्या दिशेने फेकली.